उष्णता

"सायकलचं सीट घासलंय गं," हे म्हणाले आणि त्यांनी मोरीचं दार आतून लावून घेतलं.

मी बाहेरच थांबले. आत बादलीत कपडे खळबळल्याचा आवाज येत होता. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत ह्या माणसानं स्वतःचा रुमालसुद्धा धुतला नव्हता. आता मात्र चार दिवस अंघोळीला गेले की आपली चड्डी आपणच धुवायची, पिळायची आणि मागच्या तारेवर टॉवेलाखाली दडवून वाळत घालायची, असं चाललं होतं. चालताना पाय फाकत होते. जेवायला बसताना एका कुल्ल्यावर बसत होते.

"दार उघडा."

"अंघोळ करतोय की."

"झाली की दाखवा मला. काय झालंय ते."

आतला पाण्याचा आवाज थांबला. मग कडी निघाली.

अवघड जागी आणि जांघेच्या आतल्या अंगाला बारीक फोडांचे झुपके उठले होते. काही पाण्यानं भरलेले, काही फुटून लाल झालेले. एका जागी तर रुपयाएवढं कातडं निघून नुसतं मांस दिसत होतं.

"किती दिवस झाले?"

"पंधरा असतील. आग आग होती नुसती. मंगळवारी तारीख हाय की माझी दवाखान्यात, तवा दाखवतो."

दुसरी एखादी बायको म्हणाली असती, पंधरा दिवस कसं सोसलं हो. माझ्या तोंडून निघालं ते असं, "कुणाकडनं आणलं?"

त्यांनी टॉवेल गुंडाळला. "कायबी बोलू नको," म्हणाले, आणि दुखण्यानं वाकडंतिकडं होत जरासं हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

आमचं लग्न कसं झालं ते सांगायला पाहिजे. मी मालन. माझा पहिला नवरा गोव्याकडं सेंटरिंगच्या कामाला जायचा. तो एचआयव्हीनं गेला आणि जाताना तो आजार मला देऊन गेला. ह्यांचं, म्हणजे दिगंबर वेळापुऱ्यांचंही तसंच. पहिली बायको त्यातच वारली. दोघांपैकी कुणाला आधी झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सांगलीत एका संस्थेनं आमच्यासारख्यांचा वधू-वर मेळावा भरवला होता. छातीला नंबर लावून एकेकानं उभं राहायचं. नाव, वय, धंदा सांगून झाला की आपला सीडी-फोर किती ते सांगायचं. अंगात झुंजायची ताकद किती उरलीय, त्याचा तो आकडा. सगळे खाली मान घालून बोलत होते. हे उठले आणि म्हणाले, "मी कासार. बांगड्या भरतो. हात कसा धरायचा ते मला ठाऊक हाय." सगळा हॉल हसला. मी हसले नाही. माझा हात विधवा झाल्यापासून सहा वर्षं रिकामा होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनीच मला चुडा भरला. माझी मूठ दाबून अंगठा आत वळवला आणि हळूच म्हणाले, "ढिला सोड. हात ढिला सोड." ते मला इतकं गोड लागलं होतं की पुढं दोन महिने मी ते मनात घोळवत होते. मग एकदा त्यांच्याबरोबर बाजाराला गेले. दुकान मांडल्यापासून उचलेपर्यंत ते दर बाईला तेच म्हणत होते. ढिला सोड. हात ढिला सोड. म्हातारीला, लेकुरवाळीला, कॉलेजच्या पोरीला, सगळ्यांना एकाच आवाजात. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. त्यानंतर त्यांच्याबरोबर बाजाराला जाणंच सोडलं.

त्यांचा गुरुवारचा बाजार हिवरगावचा. तिथं त्यांच्या शेजारी कस्तुरा नावाच्या बाईचं दुकान असायचं. हळद-कुंकू, करदोडे, फण्या, पिना. नवऱ्यानं टाकलेली, दणकट, सावळी. हसली की पलीकडच्या भांडीवाल्याला ऐकू जायचं. ती पहाटे येऊन दोघांची जागा धरायची. घरी गुरुवारच्या जेवणात ती असायचीच. कस्तुरा म्हणाली यंदा हिरव्याला मागणी हाय. कस्तुरानं आज भरली वांगी आणलीती. मी ताटात भाकरी वाढत ऐकायची आणि माझी भाकरी तव्यावर करपायची.

त्या दिवशी मोरीच्या दारात मी नाव घेतलंच. "कस्तुराकडनं आणलं का?"

"मालन, गप्प बस," ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. ते सायकलवर पेट्या बांधून गेले. सीटवर न बसता, पायडलवर उभे राहून गेले. तासाभरानं मी वडापच्या जीपमध्ये बसले. देवाशपथ सांगते, मी फक्त बघायला चालले होते. भांडीवाल्याच्या पातेल्यांच्या उतरंडीआड जाऊन उभी राहिले.

दुकानावर गर्दी होती. एका लग्नघरच्या सात-आठ बाया नवरी मुलीला घेऊन चुडा भरायला आल्या होत्या. ह्यांनी मुलीचा हात धरला होता. ते पोत्यावर बसले होते आणि त्यांना नीट बसवत नव्हतं, हे मला लांबूनही कळत होतं. तेवढ्यात कस्तुरा उठली. आपल्या बोचक्यातनं तिनं एक उशी काढली. घरून आणलेली, फुलाफुलांच्या अभ्र्याची. काही न बोलता ती ह्यांच्या मांडीखाली सारली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसली. ह्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, एवढं ते रोजचं असल्यासारखं.

जे दुखणं मला काल कळलं, ते हिला आधीच ठाऊक होतं. उशी घरून आणण्याइतकं आधी.

मी उतरंडीआडून बाहेर आले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. आठवतं तेवढं पुरे आहे. "ए भवाने, उशी देतीस व्हय माझ्या नवऱ्याला? विच्यार त्याला, रोज झोपताना कसली गोळी खातो! एड्सची गोळी खातो तो! कुठं कुठं फोड उठल्यात ते बी विच्यार! का तुला ठावंच हाय?"

आमच्याभोवतीच्या बाया मागं सरकल्या. नवरीच्या आईनं लेकीचा हात ओढला. अर्धवट चढलेल्या चार बांगड्या ह्यांच्या हातात फुटल्या. ती बाई पोरीचं मनगट उलटसुलट करून बघत होती, कुठं खरचटलं नाही ना. "काच लागली का गं? रगत आलं का?" असं रडवेल्या आवाजात विचारत होती. गर्दीतली एक म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "मंग तुला बी असंल की गं बाई."

ते मला तोवर सुचलंच नव्हतं.

ह्यांनी फुटलेल्या काचा एकेक करून वेचल्या. मान वर केली नाही. कस्तुरा तेवढी माझ्याकडं बघत होती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिवेलागणीला हे घरी आले. पेट्या उतरवल्या. "जेवलीस?" एवढं विचारलं आणि भिंतीकडं तोंड करून पडले. शुक्रवारच्या बाजाराला गेले ते दुपारीच परत आले. शनिवारीही तेच. बातमी त्यांच्या सायकलच्या पुढं पळाली होती. एका गावात तर बायांनी त्यांना बसूच दिलं नाही. मला भांडायचं होतं. त्यांनी मला मारावं, शिव्या द्याव्यात, त्या बाईचं नाव घेऊन कबूल करावं, काहीतरी करावं, असं वाटत होतं. हे नुसते बांगड्यांच्या माळा काढायचे, पुसायचे, परत पेटीत ठेवायचे.

मंगळवारी दवाखान्यात मीही गेले. त्यांनी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मी पाच वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर होते, ह्यांच्या गोळ्या मात्र पाच महिन्यांपूर्वीच सुरू झाल्या होत्या. एआरटीच्या डॉक्टरांनी त्यांना चामडीच्या डॉक्टरबाईंकडं पाठवलं. बाई तरुण होत्या. त्यांनी पडद्यामागं नेऊन तपासलं, हात धुतले आणि खुर्चीत बसल्या.

"हा हर्पीस आहे. नागीण माहितेय ना? तिच्याच घराण्यातला विषाणू, पण हा खालच्या बाजूला उठतो. घाबरू नका, गोळ्या देते, दहा दिवसांत सुकेल."

मी पुढं सरसावले. "कुणाकडनं येतो हो हा?"

हे माझ्याकडं बघायला लागले. गुरुवारपासून पहिल्यांदा.

"संबंधांतून येतो," बाई म्हणाल्या.

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. "मी म्हनत नव्हते?"

"थांबा, पुरतं ऐका. एकदा अंगात आला की हा जात नाही. पाठीच्या कण्याजवळच्या नसांत दडून बसतो. वर्षंच्या वर्षं गप्प राहतो. अंगातली ताकद कमी झाली, काळजी लागली, ताप आला की वर येतो. एचआयव्ही असला तर जास्त उठतो आणि लवकर भरत नाही. आणि काही जणांना एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच उठतो. अंग पुन्हा झुंजायला लागतं ना, तेव्हा दडलेलं बाहेर येतं. म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि आज फोड दिसला म्हणजे काल कुठं गेला होता, असं त्यावरून सांगता येत नाही."

"पन आला कुठनं तरी असंल की."

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्हालाही तपासू का? दोघांना एकदम औषध दिलेलं बरं. तुम्हाला कधी असं काही झालं होतं?"

"मला? न्हाई बा."

पडद्यामागं बाईंनी दिवा जवळ ओढला. जरा वेळानं विचारलं, "हे किती दिवसांचं आहे?"

"ते व्हय? ती उष्णता हाय. येते-जाते. सब्जा घेतला की बसते."

"कधीपासून?"

मी मनात वर्षं मोजायला लागले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या लग्नाच्या. तो गोव्याहून आला की महिन्याभरात उठायची. सासू म्हणाली उष्णता, सब्जाचं पाणी पी. मी प्यायले. वर्षातून दोनदा, तीनदा, अशी सतरा वर्षं मी सब्जाचं पाणी प्यायले. दुसऱ्या लग्नातही. ह्या माणसाला जी आग होत होती ती मला ठाऊक असायला हवी होती. ती माझ्या अंगात होती. पण त्यांचे फोड फोड होते आणि माझी आपली उष्णता होती.

"उष्णता असं काही नसतं," बाई हळू म्हणाल्या. "हे तेच आहे."

बाहेर येऊन बसल्यावर त्यांनी दोघांनाही सांगितलं, कुणी कुणाला दिलं हे कुठल्याही तपासणीत कळत नाही, ह्यांच्यात आधीपासूनही असू शकेल, त्याचा हिशोब करत बसू नका. निरोध वापरा, दोघांना एचआयव्ही असला तरी. फोडांना हात लागला तर साबणानं धुवा. मी मान हलवत होते, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं.

औषधाच्या खिडकीसमोर लांब रांग होती. आम्ही बाकड्यावर बसलो.

"तुमाला ठावं हुतं?" मी विचारलं.

"काय?"

"माझं."

त्यांनी केसपेपरची घडी घातली, उलगडली. "पयल्याच वर्षी बघितलंतं की. श्रावणात. तू म्हनलीस उष्णता हाय. माझ्या पयलीला बी शेवट शेवट असंच उठायचं, तवा डॉक्टरनं नाव सांगितलंतं."

"मंग बोलला का न्हाईसा? मी एवढी आग पाखडत हुते, भर बाजारात... एक शब्द बोलायचा हुता. तुझ्यातच हाय म्हनायचं हुतं."

"काय म्हनू? तुज्यामुळं झालं म्हनू? माझ्या बायकूनं मला मरताना तेच इच्यारलंतं. तुमच्यामुळं झालं का, म्हनून. शेवटचं बोलनं तेच. मला ते परत घरात आनायचं नव्हतं."

रांग पुढं सरकली. ते उठून गेले. मी बाकड्यावर बसून राहिले. माफ करा म्हणायचं होतं, पण तेवढ्यात ते दोघांच्या औषधाच्या दोन पुड्या घेऊन आले आणि एक माझ्या हातात दिली, आणि ते राहूनच गेलं.

"आनि ती उशी?" बस स्टँडवर मी विचारलं. हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही, एवढं झाल्यावरही.

"तिला मुळव्याध सांगितलंतं," ते म्हणाले.

त्या गुरुवारी हे हिवरगावला गेले नाहीत. पुढच्या गुरुवारी म्हणाले, जागा जाईल, जायला पाहिजे. मी म्हटलं मीही येते. फोड बरेच सुकले होते, सायकलवर बसता येत होतं. मी जीपनं गेले.

कस्तुरानं जागा धरून ठेवली होती. दोन्ही गुरुवारी, असं मागाहून कळलं. ती माझ्याशी बोलली नाही. ह्यांनी माळा मांडल्या. मी मागं पेटीजवळ बसले. बाया यायच्या, लांबून बघायच्या आणि पुढं जायच्या. काही तोंडाला पदर लावून कुजबुजायच्या. पलीकडच्या ओळीत एक नवा बांगडीवाला बसला होता, त्याच्याकडं रीघ होती. बारा वाजले. एक हात पुढं आला नव्हता.

मग कस्तुरा उठली. आपल्या हातातल्या बांगड्या तिनं दगडावर आपटून फोडल्या, दोन्ही हातांतल्या. रस्त्यावरच्या बाया थबकल्या. ती ह्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढं करून मोठ्यांदा म्हणाली, "दिगंबर, बांगड्या भर."

मी दोन वर्षांत ते नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

हे दचकले. "ऱ्हाऊ दे कस्तुरा."

"ऱ्हाऊ दे काय? सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईला इच्यारून आलोय मी. हात धरल्यानं काय बी हुत न्हाई म्हनली. बांगडी भरल्यानं काय बी हुत न्हाई. भर. हिरव्या भर, डझन डझन."

ती हे ह्यांना सांगत नव्हती, साऱ्या बाजाराला सांगत होती. ह्यांनी तिची मूठ धरली. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तीच म्हणाली, "ढिला सोडलाय की हात. ढकल."

मला वाटलं होतं, दवाखान्यातून आल्यापासून माझी जळजळ संपली. पण आजवर जळले नव्हते एवढी मी त्या घटकेला जळले. तिच्यावर माझा काडीचा संशय उरला नव्हता. तिच्या मनात काय होतं, काही होतं का, मला माहीत नाही, आणि आज दहा वर्षं झाली तरी मी विचारलेलं नाही. मी जळले ते एवढ्यासाठी की तिनं नर्सबाईला जाऊन विचारलं होतं. मी पाच वर्षं तीच गोळी खात होते, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी त्या आजाराचा दगड करून ह्यांच्या डोक्यात घातला होता. तिथं समोर बसायला हवं होतं ते मी.

तिचे दोन्ही हात भरून झाले तशी एक म्हातारी पुढं आली. मला त्या दिवशी बोलली होती तीच. "मला बी दोन दोन घाल बाबा, माझं आता काय हुयाचं राह्यलंय," म्हणून बसली. तिच्यामागं भांडीवाल्याची बायको आली. नवरीची आई कधीच आली नाही. त्या भागातल्या निम्म्या गावांनी आम्हाला परत कधी बसू दिलं नाही, ते नुकसान माझ्या तोंडानं केलेलं होतं आणि ते तसंच राहिलं. पण हिवरगाव टिकलं.

म्हातारीचा हात भरत असताना मी सरकत कस्तुराच्या दुकानाशी गेले. "मला माफ कर," म्हणाले.

ती करदोड्यांचा गुंता सोडवत होती. "मला कशाला म्हनतीस? त्याला म्हनलीस का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं.

"दोन हप्ते झालं की गं बाई," ती म्हणाली आणि गुंत्यात मान घातली.

मी परत आले. ह्यांच्या मागं नाही, शेजारी बसले. चारचौघींत, सगळ्यांना दिसेल असं. "चुकलं माझं," म्हटलं. हळू म्हटलं, म्हणून परत एकदा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दिगंबर, चुकलं माझं."

म्हातारीनं चमकून माझ्याकडं बघितलं. ह्यांचा हात तिच्या मनगटावर क्षणभर थांबला. मग ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ती हिरव्याची माळ दे हिकडं. गिऱ्हाईक थांबलंय."